मोकळ्या जागेत

कॅटलॉगात लिहिलंय : नऊ मीटर.
खाली मुंगीच्या अक्षरांत, 'मोकळ्या जागेत.'
आता हडपसरात मोकळी जागा
कुणाच्या बापाने ठेवलीय?

रामटेकडीच्या या लाँड्रीला छप्पर पत्र्याचं,
भिंती पत्र्याच्या, ट्रॉल्या लोखंडी,
आणि ट्रॉल्यांत हॉस्पिटलच्या चादरी,
शिवणीत भाताच्या दाण्याएवढा टॅग लपवून.

मी टेप ताणतो.
चार मीटरवर रीडर ओळखतो, साडेचारवर गप्प,
पाचवर अचानक पुन्हा ओळखतो
(भिंतीवर आपटून आलेली लहर, तिचा काय भरवसा)
सहावर काही नाही.
वहीत लिहितो : अडीच.
अडीचच्या खाली मी सही करू शकतो.

कुंजीर विचारतात, "दोनशे चाळीस आत गेल्या,
स्क्रीनवर दोनशे सात. बाकीच्या?"
विचारतात मला, बघतात हौसाबाईंकडे.
त्या ट्रॉलीला टेकलेल्या, सोड्याने बोटं पांढरी.
म्हणतात, "मी मोजल्यात."
आणि पुन्हा मोजायला लागतात, धान्य मापावं तशा,
लाभ, दोन, तीन...

मी सांगतो, साहेब, ओल्या आहेत.
टॅगला स्वतःची बॅटरी नसते.
हाकेतूनच जेवढा जोर मिळेल
तेवढ्या उसनवारीवर तो ओ देतो.
पाणी मध्येच हाक पिऊन टाकतं.

ड्रायर फिरला. चहा झाला.
दोनशे एकवीस.
"हौसाबाई, जरा बाजूला व्हा."
दोनशे अडतीस.
माणूसही पाणीच की, पासष्ट टक्के का काय.
उरलेल्या दोन त्यांनीच तळातून ओढल्या,
टॅगवर टॅग बसलेला. झटकून वेगळ्या केल्या.
टुंग. टुंग.

"म्हणजे मशीनची अडचण होती," कुंजीर म्हणाले.
"मग मशीनचा खाडा मांडा," त्या म्हणाल्या,
आणि ट्रॉली ढकलत निघून गेल्या.

मी रिपोर्ट लिहिला :
अंतर अडीच मीटर. कापड कोरडं.
थर विरळ. मध्ये माणूस नसावा.
शेवटचं वाक्य खोडलं.
मग सगळंच परत लिहायला घेतलं,
कारण खाडाखोड कंपनीला चालत नाही.

निघताना फाटक उघडेना.
रीडर आमच्याच कंपनीचा, मागच्या वर्षी मीच बसवलेला.
मी समोर उभा, दीड हातावर,
पाहुण्यांचा पास घामेजल्या शर्टाला चिकटलेला.
वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला,
"छातीपासून जरा लांब धरा, साहेब.
सगळ्यांनाच सांगावं लागतं."