मीठमिरी

सोहारच्या लॅबमध्ये एसी इतका गार
की जूनमध्येही मी स्वेटर घालते.
फॉर्मवर: मुबीन परकार, वय तेवीस,
वेल्डर, बंदर. दोन वर्षं दमा.
सोबत उजव्या श्वासनलिकेतला तुकडा,
तांदळाच्या कणीएवढा.

दोन वर्षं सगळ्यांनी धुळीला दोष दिला,
मग वेल्डिंगच्या धुराला,
मग खोलीतल्या सहाजणांत कुणीतरी लावलेल्या ऊदाला.
पंप निळा, मग तपकिरी, मग जांभळा.
छातीतली शीळ एकाच बाजूला वाजते
हे कळण्याइतका वेळ
कुणाचा स्टेथोस्कोप टेकलाच नाही.

काचेवर गुलाबी, जांभळं.
पेशी पंगतीला बसाव्यात तशा शिस्तीत,
केंद्रकांवर मीठमिरी भुरभुरलेली.
असं दिसलं की मी खुर्ची पुढे ओढते.
कार्सिनॉइड. माझ्या नोकरीतला तिसरा.
मस्कतला काच पाठवली. उत्तर तेच.

रिपोर्ट न्यायला तो स्वतः आला.
आडनाव वाचून मी मराठीत बोलले,
त्यानं खेडची मराठी काढली, मला "बाय" म्हणाला.
डॉक्टरांनी सांगितलं होतंच त्याला:
हळू वाढतो, काढता येतो, बहुधा.
ते "बहुधा" मी टाईप केलेलं नव्हतं.

त्याला हवी होती
अरबीत एक प्रत, शिक्क्यासकट.
फोरमन म्हणायचा, नाटकं करतो.
"आता दाखवतो त्याला," म्हणत तो हसला,
हसता हसता खोकला,
आणि रुमालातलं लाल
या खेपेला लपवलं नाही.