सैल

सोहारच्या बंदरात मी अकरा वर्षं
लोखंड बांधतोय.
डेकवर कंटेनर, त्याच्यावर कंटेनर,
तिरक्या सळ्या, टर्नबकल,
शेवटचा आटा दात-ओठ खाऊन.
सैल राहिलं तर दर्या घेऊन जाईल,
फोरमननं पहिल्या दिवशी सांगितलं,
त्यानंतर शिकवावं असं त्याला काही सुचलं नाही.

आता पलंगाशेजारच्या पाळण्यात ही.
तीन किलोला शंभर ग्रॅम कमी.
मनगटाच्या पट्टीवर रुखसारचं नाव,
हिचं अजून नाही, सातव्या दिवशी ठेवू.
झोपेत दोन्ही हात असे फेकते
जणू कुणी उंचावरून सोडून दिलंय,
आणि स्वतःच्याच हातांना दचकून
रडत उठते.

लिसम्मा सिस्टरनं वॉर्डात करून दाखवलं होतं.
मलमलचा चौकोन, वरचा कोपरा आत दुमडलेला,
खांदे घडीच्या खाली, मान वर.
एक बाजू छातीवरून पाठीखाली,
मग दुसरी.
झालं. इतकंच.
मग म्हणाली, आता तुम्ही.
मी केलं.
तिनं सगळं उलगडलं, माझ्याकडे बघितलं,
म्हणाली, भाई, हे पार्सल नाही.

छातीपाशी दोन बोटं सरकली पाहिजेत.
तिची दोन म्हणजे माझं दीड,
तेवढा हिशेब मी मनात करून ठेवला.
फार सैलही नको, कापड नाकावर चढतं.
आणि खाली मोकळं, अगदी मोकळं,
बेडकासारखे पाय दुमडता यायला हवेत,
ताठ आवळले तर खुब्याचा सांधा बिघडतो.
झोपवायचं पाठीवर. दर वेळी पाठीवर.

रात्री श्रीवर्धनहून अम्मीचा व्हिडिओ कॉल.
पाय सरळ करून आवळून बांध रे,
वाकडे होतील पोरीचे.
तुला नाही का असंच बांधलं होतं?
मी माझ्या पायांकडे बघितलं.
अकरा वर्षं शिड्या चढलेले,
सरळ आहेत की नाहीत
कधी कुणी विचारलंच नव्हतं.
हो अम्मी, म्हटलं,
आणि कॅमेरा हिच्या चेहऱ्यावरून
खाली नेला नाही.

कपाटावर मिंकचं ब्लँकेट आहे, वाघाचं चित्र असलेलं,
रुखसारनं हौसेनं आणलेलं.
गावी जाताना दर खेपेला मी असंच एक नेलंय,
अर्धी आळी त्यात झोपते.
हिला त्यातलं काही चालत नाही.
उशी नाही, टोपडं नाही, मऊ ससा नाही.
बाहेर रात्री अकराला छत्तीस,
आत एसी, आणि हिच्या अंगावर
एका झबल्यावर एकच कापड.
रुखसार तिच्या मानेमागे हात लावून बघते,
घाम नाही. पुन्हा लावते.

पहिल्या वेळी डावा हात सुटला.
दुसऱ्या वेळी मी इतका घाबरलो होतो
की कापड नुसतं पडून राहिलं.
तिसऱ्या वेळी माझ्या हाताला ओळखीची ओढ लागली,
तो शेवटचा आटा.
मी थांबलो.
इथं थांबायचं असतं,
हे माझ्या मनगटाला ठाऊक नव्हतं.

कूस बदलायला लागली की हे बंद,
असंही सिस्टर म्हणाली होती,
त्या दिवसापासून हात मोकळे.
म्हणजे दोन महिने, फार तर तीन.
मी बांधलेल्या सळ्या कुठल्या देशात,
कोण सोडतं, कधी कळत नाही.
जहाज जातं, विषय संपतो.
ही गाठ नसलेली गाठ
मलाच सोडायची आहे.

पहाटे चारला कंपनीची व्हॅन खाली उभी राहते.
बूट हातात घेऊन मी पाळण्याशी आलो,
दीड बोट आत सरकवलं.
खालून तिची छाती
बोटाला वर लोटत होती,
सोडत होती, लोटत होती.
व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला.
त्याला म्हटलं पाहिजे,
उद्यापासून हॉर्न देऊ नकोस, मिस कॉल दे.