उजेड लहान होत नाही

पस्तीसपट लहान करायचं म्हटलं की सगळं ऐकतं.
तोफ उदबत्तीच्या काडीएवढी होते,
बोल्ट खसखशीएवढे,
चालकाची सीट माझ्या करंगळीच्या नखावर मावते.

उजेड मात्र लहान होत नाही.
मिठाच्या खड्याएवढा एलईडी आत बसवला
तरी वाटतं, फुटबॉलच्या मैदानावरचे दिवे
कुणीतरी त्या पोटात कोंबलेत.
मला हे आधीच कळायला हवं होतं.
आइंडहोवेनच्या बल्बच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी टंगस्टनच्या तारा तपासल्या.

रंगाबद्दल पुस्तकं ठाम आहेत.
जर्मन गाडी आतून हस्तिदंती, तळाला तांबडा प्रायमर.
शर्मन पांढरा, दवाखान्यासारखा,
का, तर पोलादाच्या पोटात एका दिव्याचे दोन व्हावेत.
झाकणाची आतली बाजू तेवढी बाहेरच्याच हिरव्यातली:
उघडलं की पांढरं चमकू नये,
दूर झाडीत बसलेल्या कुणाच्या नेमात येऊ नये.
एवढा विचार झालेला होता.

मी पांढऱ्यात थेंबभर मातकट मिसळला,
इतक्या छोट्या वस्तूवर कोरा पांढरा खोटा दिसतो.
गोळ्यांच्या कप्प्यांच्या कडा शिसपेन्सिलीने घासल्या,
पेडलांखाली वाळलेला चिखल,
आणि शेजारच्या ड्रिका फान खेस्तलला हाक मारली.

ब्याऐंशीची आहे. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात सहा वर्षांची.
तिच्या गल्लीत एक इंग्रज रणगाडा थांबला होता
आणि कुणीतरी तिला काखेत हात घालून
वरून आत सोडलं होतं.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. आत पाहिलं.
"चुकलंय. पिवळं होतं. लोण्यासारखं."
मी पुस्तक उघडलं.
तिने ते मिटलं.
"मी होते आत. हे होतं का?"

मग आठवडाभर मी पिवळे कालवत बसलो.
सायीचा. पेंढ्याचा. म्हाताऱ्या घोड्याच्या दाताचा.
प्रत्येक वेळी ती मान हलवायची.
"तुझा रंग भिंतीला लागलाय," शेवटी म्हणाली,
"तो हवेत होता."

रात्री दोनला मी ताडकन उठून बसलो.
एकतीस वर्षं, गाढवा!
तारेला व्होल्ट कमी पडले की ती आधी पिवळी होते,
मग नारिंगी, मग राखेतल्या निखाऱ्यासारखी.
भिंत पांढरीच होती.
बॅटरी उतरली होती.

म्हणजे इंजिन बंद होतं. बराच वेळ.
वायरलेस चालू, दिवा चालू, इंजिन बंद.
म्हणजे ते थांबले होते
ते काही गल्लीतल्या पोरांना फेरी मारायला नव्हे.

सकाळी तिला विचारलं.
ती कॉफी ढवळत राहिली. साखर घेत नाही, तरी.
"चौघं होते. कुणी बोलत नव्हतं.
मला पाचव्या जागेवर बसवलं. सीट ओली होती.
आईने माझा फ्रॉक दोन दिवस थंड पाण्यात भिजत ठेवला.
मी कितीतरी वर्षं समजत होते, तेल असेल."

खोक्यात माणसं पाच येतात.
चौघांचे चेहरे झालेत, एकाची तर मिशीही.
पाचवा अजून प्लास्टिकच्या चौकटीला आहे,
मी त्याला कापून काढलेला नाही.

पिवळं सगळं खरवडलं, पुन्हा पांढरं केलं.
एलईडी उपटून टाकला. ड्रॉवरमध्ये
गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे जुने बल्ब होते,
त्यातला एक लावला. बारा व्होल्टचा, सहावर.

ड्रिका आली. एक डोळा मिटून
झाकणातून बराच वेळ पाहत राहिली.
"अजून जास्त आहे," म्हणाली.

पाच केले.
साडेचार.

"थांब."