डावरा चौकोन

माखोत्सोचा डावा हात
आणि माथाकानेचा उजवा
मिळून एक भिंत व्हायची
दर वर्षी, पीच फुलायच्या सुमारास,
लेसोथोच्या डोंगरांवर बर्फाचे कवडसे शिल्लक असताना.

माती चाळलेली, शेण ताजं, मूठभर राख.
(माखोत्सो म्हणायची, दोन मुठी.)
तळहाताने लिंपायचं
आणि ओल आहे तोवर
एक दात पडलेल्या काट्याने
तास ओढायचे, शेतात ओढतात तसे.
तिकडे नांगरायला आणि भिंत कोरायला
शब्द एकाच मुळातून फुटलेत.

एका चौकोनातले तास उजवीकडे झुकतात,
शेजारच्यातले डावीकडे,
खालच्या दोघांत पुन्हा उलटे.
चार जुळले की फूल.
उजव्या मनगटाला डावा उतार उतरत नाही,
अर्ध्यावर अडतं, कळ येते.
म्हणून माखोत्सो.

यंदा मधे गाढव आलं.
गाढव माखोत्सोचं, कोबी माथाकानेचा.
सतरा रोपं. माथाकानेने मोजली,
मोठ्याने मोजली.
गाढवाला लागलेला दगड कुणाचा
हे दोघींनाही ठाऊक आहे.
खोत्सो म्हणजे शांती.
शांतीची आई सव्वा महिना बोललेली नाही.

आज माथाकाने एकटीच.
उजवे चौकोन सकाळीच झाले,
भांग पाडल्यासारखे.
मग काटा डाव्या हातात घेतला.
पहिली ओळ, कोंबडी चालावी तशी.
दुसरी पहिलीची समजूत काढायला गेली
आणि तीही वाकली.
तिसरी तिने तळहाताने पुसून टाकली.

कुंपणापलीकडे, वाळत घातलेल्या चादरीमागे,
कुणीतरी फिस्सकन हसलं.
माथाकाने वळली नाही.

"राख एकच मूठ घातली असणार,"
चादर म्हणाली, कुणालाच नाही.

"गाढव लंगडतंय का अजून?"
माथाकानेने भिंतीला विचारलं.

चादर गप्प.
एक चिमटा दोरीवरून निसटला,
तो उचलायला कुणी वाकलं नाही.

उरलेला गारा तिने घमेल्यात काढला,
त्यात आणखी एक मूठ राख कालवली,
नाक मुरडत,
वर ओलं पोतं टाकलं
आणि घमेलं कुंपणाशी नेऊन ठेवलं,
काट्याची मूठ पलीकडे करून.

मग हात न धुताच
चहा ठेवायला आत गेली.
आधण किती कपांचं
ते दारातून दिसत नाही.

ऊन चढतंय.
पोत्याखाली ओल आहे अजून
एक तासभर,
फार तर दोन.