भरपूर

माझ्या कामात शब्दांना वजन असतं,
म्हणजे खरोखरचं, मिलिग्रॅममधलं.
शंभर ग्रॅममागे बारा भरले
तर बरणीवर लिहा, ‘क जीवनसत्त्व आहे’.
चोवीस भरले तर ‘भरपूर’.
मधल्या जागेसाठी विशेषण नाही.

सारेमा बेटावर साल्मे पायू,
वय एकोणऐंशी, गमबूट घालूनच दार उघडते.
टेबलावर रानगुलाबाच्या फळांचा मुरांबा,
चाळीस बरण्या, नातवाने छापलेली लेबलं:
क जीवनसत्त्व भरपूर. सर्दी जवळ फिरकत नाही.

मी टालिनहून आणलेला कागद पुढे सरकवते.
नऊ.
ती चष्मा पुसते. पुन्हा नऊच.
“फळात तर होतं.”
फळात होतंच. तुम्ही तीन तास आटवलंत,
आचेने खाल्लं.

“आईसुद्धा तीन तास आटवायची.
सैबेरियाहून परतली तेव्हा दात हलत होते तिचे.
याच मुरांब्याने बसले.”
हे लेबलवर लिहिता येणार नाही, मी म्हणते,
आणि मग लक्षात येतं,
तिने तसं विचारलंच नव्हतं.

सर्दीची ओळ खोडली.
‘भरपूर’ खोडलं. ‘क’ खोडला,
एवढंसं अक्षर,
पण कुणी झाकण काढून नेल्यासारखी दिसली बरणी.
उरलं ते: फळं, साखर, पाणी.
निव्वळ वजन दोनशे वीस.

तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं.
“गोड, असं लिहू?
त्याला किती मिलिग्रॅम लागतात?”
नियम चाळायची गरज नव्हती. तरी चाळले.
लिहा, म्हटलं.

भेट घेता येत नाही आम्हाला.
साडेचार युरो मोजले, पावती मागितली,
तिने वर्तमानपत्राची कड फाडून
तीवर लिहून दिली, तारखेसकट.

फेरीबोटीवरच्या दुकानात
गुलाबी पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या.
क जीवनसत्त्व भरपूर.
पाणी, साखर, रंग,
आणि पिंपातून काढून तोलून घातलेली पूड.
ते लेबल गेल्या वर्षी माझ्याच टेबलावरून गेलं.
शब्दन् शब्द बरोबर होता.

समुद्र राखाडी, डेकवर वारा.
चमचा नव्हता, बोटानेच चाटला मुरांबा.
आंबट निघाला.
चांगलाच आंबट, कानामागे झिणझिण्या आणणारा,
आणि ‘गोड’ला तर
मी तासाभरापूर्वी परवानगी दिली होती.
बोट पुन्हा बुडवलं.