चावी

दंडावर गार जेल, कोपराखाली पट्टा.
"पाच मिनिटं हाताला मुंग्या येतील, काका. हलायचं नाही."
मिरजेच्या त्या अंधाऱ्या खोलीत
मुजावरांची रुबिना पडद्याकडं बघतच बोलली.
सकाळपासून चहा नाही, तंबाखू नाही.
सुई मात्र कुठंच नाही.

पट्टा फुगला. खालचा हात माझा राहिला नाही.

तेहेतीस वर्षं विट्यात हेच तर केलं मी.
पहाटे साडेतीनला सायकल, खांद्यावर लोखंडी चावी,
मायणी रोडचा व्हॉल्व्ह बंद, लोहारगल्लीचा चालू.
चावीचं टोक कानाला लावलं की
जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं:
कुठं पळतंय, कुठं गळतंय, कुठं अडलंय.
धाकट्याच्या छातीला कान लावायचं
कधी सुचलं नाही.
दिगंबर. एक्कावन्न. यंत्रमागाच्या शेडच्या दारात,
जेवणाचा डबा हातात.
इंदू म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी तपासून या,"
आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"सोडते हं."
फुस्स.
पडद्यावरच्या दोन करड्या रेघांमधून
धो धो आवाज सुटला.
"पाणी आलं," मी म्हणालो. पोरगी हसली.
"आता बघायचं, शीर किती रुंद होते."

पाइप कधी रुंद होतो का, बाई?
जुने बिडाचे कापलेत मी. चार इंची पाइप,
आत खपली धरधरून दोन बोटांचं भोक उरलेलं.
वरनं केवढंही सोडा,
बीड ते बीड.

"शीर बीड नसते, काका. रक्त आल्याचं तिला कळतं.
आतलं अस्तर म्हणतं, सरक, जागा कर."
मग तिनं आकडा लिहिला: तीन पूर्णांक दोन टक्के.
"म्हणजे?"
"सरकते. पण अंग चोरून."
बाकीचं सोमवारी डॉक्टर सांगतील.

विट्याच्या एसटीत खिडकीशी बसलो.
खिशात पुडी होती. ती होती तिथंच राहू दिली,
टाकली नाही, खाल्ली नाही.
कवठे एकंदपासून तासगावपर्यंत
उजव्या हातानं डावं मनगट आवळून धरलं,
मग सोडलं.
आधी नुसती हवा, नळाला येते तशी,
मग बोटांच्या टोकांना
काहीतरी कोमट, हळूहळू.

कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला,
"अहो, सुट्टे द्या."