उगमाचा रकाना

पूर्णेच्या दरडीत, काळ्या मातीच्या दोन पुरुष खाली
हातभर जाडीचा पांढुरका पट्टा आहे.
गाव त्याला रांगोळीची खाण म्हणतं.
मी तालुक्याच्या पाणी-तपासणीच्या खोलीत मदतनीस.
साहेब म्हणाले, राख आहे ती,
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगराची.
वय सांगताना त्यांनी शून्यं बोटांवर मोजली.

राख नुसती राख नसते, हे मला पुस्तकात सापडलं.
डोंगर श्वास सोडतो तेव्हा
गंधकाचा, मिठाचा तेजाब कणाकणाला बिलगतो
आणि हवेतच वाळून क्षार होतो.
पाण्यात ढवळली की सुटतो सगळा.
मग त्या पाण्याला विचारायचं :
गंधक किती, क्लोराईड किती, फ्लोराईड किती,
आणि त्या हिशेबावरून ओळखायचं
डोंगराच्या पोटात काय शिजत होतं,
खाली चरणाऱ्या मेंढ्यांचे दात
पुढच्या साली शाबूत राहतील का.

म्हणून एक ग्रॅम राख, पंचवीस मिली शुद्ध पाणी.
तासभर हलवलं. गाळलं.
सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले.
काही नाही.
दुसऱ्या नळीत बेरियम.
काही नाही.
इतकी स्वच्छ परीक्षानळी, की तिच्यातून
खिडकीबाहेरची एसटी उलट्या दिशेनं जाताना दिसली.

दुसरा नमुना गोकर्णा तायडेच्या मोरीवरचा.
डालड्याच्या जुन्या डब्यात ती हीच राख ठेवते,
भांडी घासायला. तिची सासूही ठेवायची.
"राखीत का पाहून राह्यली व पोरी?
सोनं निंघालं तं मले सांगजो."

सोनं नाही. पण पहिल्याच थेंबाला
नळीत विरजलेल्या दह्यासारखं पांढरं उमटलं.
डोंगर बोलला! माझे हात थरथरले.
वहीत तीन ओळी लिहून काढल्या,
चौथीला थांबले, आणि तिच्या विहिरीची बाटली उघडली.
तेच दही.
खारपाणपट्ट्यातली विहीर ती. त्या पाण्यात तूरडाळ
रात्रभर चुलीवर ठेवा, दाणा कोरडाच हसतो.

तीन ओळी खोडल्या. गुरुवारी तिला सांगायला गेले.
"मंग डोंगराचं का झालं?"
पाण्यानं नेलं, म्हणाले. आपण कोणी नव्हतो तेव्हाच.
"अन् डब्यात हाय थे?"
तुमच्या विहिरीचं. थोडं साबणाचं.
थोडं, असेल, हाताचं.
ती पोटभर हसली.
"म्हंजे राखीनं माहीच चुगली केली!"

साहेबांच्या तक्त्यात उगम नावाचा रकाना आहे,
बोटभर रुंद.
त्यात ज्वालामुखी लिहू, विहीर लिहू
की गोकर्णा तायडे, हे अजून ठरलेलं नाही.
पेन्सिलीनं एक टिंब करून ठेवलंय.

निघताना तिनं माझा काचेचा चंबू ओढून घेतला,
"कसा मळला व तुहा," म्हणत
डब्यातल्या चिमटीनं लख्ख घासला,
विहिरीच्या पाण्यानं दोनदा विसळला.
एसटीत तो मांडीवर वाळत आला.
मूर्तिजापूर येईतो
तळाशी पांढरी कड धरली होती.